शनिवारचा सामना, रविवारची नोकरी

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार. टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावी, एक लाखाहून जास्त माणसं मावणाऱ्या काइल फील्ड मैदानावर, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा ५१-१० असा फडशा पाडला. रविवारी जिंकलेल्या संघाचे मुख्य कोच जिम्बो फिशर यांना विद्यापीठाने काढून टाकलं. सोमवारी हरलेल्या संघाचे कोच झॅक आर्नेट यांची नोकरी गेली. सामना एक, कोच दोन, आणि दोन दिवसांत दोघेही बेकार.

फिशर यांच्या बेकारीची बातमी जगभर गाजली ती रकमेमुळे. करार मुदतीआधी मोडल्याबद्दल विद्यापीठाने त्यांना सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणं बंधनकारक होतं. त्या वेळच्या भावाने हे सहाशे कोटी रुपयांच्या वर जातात. त्यातला साधारण चौथा हिस्सा दोन महिन्यांत द्यायचा आणि उरलेले वर्षाला सुमारे ७२ लाख डॉलर २०३१ पर्यंत देत राहायचे, असं ठरलेलं होतं. दुसरीकडे काम मिळालं तरी त्यातला एक डॉलरही कमी होणार नव्हता.

आर्नेट यांच्याबद्दल फार कोणी लिहिलं नाही. ते मिसिसिपी स्टेटमध्ये बचावफळीचे कोच होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य कोच माइक लीच अचानक वारले आणि शोकात बुडालेला तो संघ विद्यापीठाने आर्नेट यांच्या हाती दिला. मुख्य कोच म्हणून पहिलाच हंगाम, त्यातले चार सामने जिंकले, सहा हरले. त्या हंगामातले दहा सामने हीच त्यांना मिळालेली मुदत. ज्या माणसाला आपण सर्वांत वाईट काळात उभं केलं, त्याला एक हंगामही पुरा करू न देणं, याला पाठिंबा म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये कोचची नोकरी किती पक्की असते, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या रकमेने सुटत नाही. त्या देशात या पेशाला जेवढा पैसा आहे तेवढा संयम नाही, आणि पैशाने संयमाची जागा भरून काढायचा प्रयत्न गेली दोन दशकं चालू आहे.

आधी थोडं या खेळाबद्दल. हा आपल्या कोल्हापूरचा किंवा गोव्याचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट, खांद्यांवर चिलखत, लांबट चेंडू आणि इंचाइंचाने जमीन जिंकत जाणारा तो अमेरिकी फुटबॉल. त्या देशात हा खेळ शहरांच्या क्लबांइतकाच विद्यापीठांच्या नावाने खेळला जातो. शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच सप्टेंबरात त्याचा धक्का बसतो. शनिवारी गाव बंद, रस्ते बंद, आणि ज्या विद्यापीठाला आपण प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाच्या नावाने ओळखत होतो, त्याच्या रंगाचे कपडे घातलेली लाखभर माणसं मैदानाकडे निघालेली. पेनसिल्व्हेनिया स्टेट, म्हणजे पेन स्टेट, विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ६ हजारांवर माणसं बसतात. ते विद्यापीठ ज्या गावात आहे, त्याची लोकसंख्या याच्या निम्मीही नाही.

या खेळात पैसा शिरण्याचं मोठं वळण १९८४ सालचं. कोणाचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे, हे तोवर एनसीएए ही देशभरातल्या विद्यापीठांची क्रीडासंघटना ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी तिला कोर्टात खेचलं आणि सर्वोच्च न्यायालयाने संघटनेचा तो मक्ता मोडला. तिथून विद्यापीठांचे गट स्वतःच टीव्ही कंपन्यांशी सौदे करू लागले आणि रक्कम वाढतच गेली. खेळाडूंना पगार देण्यास मात्र संघटनेची मनाई होती. शिष्यवृत्ती, राहणं-जेवण, बस्स. मग हा पैसा जाणार कुठे? मैदानांवर, इमारतींवर, आणि कोचांवर.

कोचांच्या पगारालाही लगाम घालून पाहिला होता. १९९१ साली एनसीएएने काही खेळांतल्या एका प्रकारच्या साहाय्यक कोचांचा वार्षिक पगार १६ हजार डॉलरवर बांधून टाकला. आधी ६०-७० हजार मिळवणारे काही जण त्यात अडकले. बास्केटबॉलचे साहाय्यक कोच न्यायालयात गेले. स्पर्धकांनी आपसांत ठरवून नोकरांचा पगार बांधणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असा निर्णय झाला, १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला, आणि १९९९ मध्ये संघटनेने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यानंतर कोचांच्या पगाराला हात लावायला कोणी धजलं नाही. सर्वांत कमी पगाराच्या कोचांनी जिंकलेली ही लढाई. तिचा सर्वांत मोठा लाभ सर्वांत मोठ्या पगाराच्या कोचांना झाला. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, शल्यविशारद नसतो. तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो.

आता करार. इथे बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, की तीन वर्षांत कंटाळणारी विद्यापीठं दहा-दहा वर्षांचे करार करतात कशाला? उत्तर सतरा-अठरा वर्षांच्या पोरांत आहे. शाळा संपवणाऱ्या चांगल्या खेळाडूमागे पंधरा-वीस विद्यापीठं लागलेली असतात. घरच्या बैठकीत मुलाची आई कोचला विचारते, माझा मुलगा चार वर्षं तिथे असेल, तुम्ही असाल का? ज्या कोचच्या करारात दोनच वर्षं उरलीत, त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. प्रतिस्पर्धी कोच ती गोष्ट मुलाच्या कानावर घालायला विसरत नाहीत. म्हणून करार संपत येण्याआधीच वाढवायचा, अशी रीत पडली. मुदतवाढ मिळाली नाही की गावात कुजबुज सुरू होते, चांगले खेळाडू दुसरीकडे जातात, संघ कमजोर होतो आणि कुजबुज खरी ठरते. थोडक्यात, करारावरची तारीख पुष्कळदा कोचसाठी नसतेच. ती गिऱ्हाइकाला दाखवायची पाटी असते.

या करारांचा कायदेशीर सांगाडा कसा घडला, हे दोन जुन्या खटल्यांत नीट दिसतं. जॉर्जिया टेकचे कोच पेपर रॉजर्स यांना डिसेंबर १९७९ मध्ये काढलं, तेव्हा करार दोन वर्षं बाकी होता. संस्थेने पगार चालू ठेवला. रॉजर्स म्हणाले, पगार हा माझ्या नोकरीचा एक भाग झाला. गाडी, क्लबचं सभासदत्व, रेडिओ आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमांची कमाई, सामन्यांची तिकिटं, हे सगळं याच खुर्चीमुळे मिळत होतं, त्याचं काय? १९८३ च्या अपिलात न्यायालयाने ही यादी चाळणीतून काढली. काम केलं तरच ज्यांची गरज पडते, त्या गोष्टी मिळणार नाहीत; पण खुर्चीबरोबर आलेल्या काही लाभांवर दावा सांगता येईल, असं ठरलं. तेव्हापासून वकील मंडळी करार अधिक बारकाईने लिहू लागली.

दुसरा खटला उलट दिशेचा. जेरी डिनार्डो यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी १९९० साली पाच वर्षांचा करार केला होता. मध्येच सोडून गेलात तर उरलेल्या वर्षांच्या हिशेबाने पैसे भरा, असं कलम त्यात होतं. १९९४ च्या डिसेंबरात ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेले आणि व्हँडरबिल्टने सुमारे २ लाख ८२ हजार डॉलर मागितले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. कोच गेल्याने विद्यापीठाचं होणारं नुकसान नव्या कोचच्या शोधखर्चापुरतं नसतं. तिकीटविक्री, देणगीदारांचा उत्साह, खेळाडूंची भरती, सगळ्याला धक्का लागतो, हे न्यायालयाला पटलं. स्थैर्याला किंमत आहे आणि ती आकड्यात लिहून ठेवता येते, हे या निर्णयाने पक्कं झालं. मग कोचांच्या दलालांनी तोच तराजू उलटा धरला. आमच्या जाण्याची किंमत असेल, तर आम्हाला घालवण्याचीही असलीच पाहिजे.

जानेवारी २००७ मध्ये अलाबामा विद्यापीठाने निक सेबन यांना आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरची पूर्ण हमी दिली, तेव्हा देश चकित झाला होता. पहिल्याच हंगामात त्यांचा संघ लुइझियाना-मन्रो या दुबळ्या संघाकडून घरच्या मैदानावर हरला. पुढच्या सोळा वर्षांत सेबन यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली आणि प्रत्येक विद्यापीठाला वाटू लागलं, की मोठा आकडा लिहिला की असा माणूस मिळतो. टेक्सास ए अँड एमने २०१७ च्या डिसेंबरात फिशर यांना दहा वर्षांचे साडेसात कोटी डॉलर दिले ते याच विश्वासाने. त्यानंतरच्या एका समारंभात विद्यापीठसमूहाच्या कुलगुरूंनी त्यांच्या हाती राष्ट्रीय विजेतेपदाचं स्मृतिचिन्ह ठेवलं. त्यावर साल कोरायची जागा कोरी होती. ज्या संघाने शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९३९ साली मिळवलं, त्याच्या नव्या कोचला सुरुवातीलाच दिलेली ही भेट होती. अपेक्षेचं एवढं ओझं आणि पैशाची एवढी हमी एकत्र दिली, की मधल्या वाटेला जागाच उरत नाही. २०२० चा हंगाम चांगला गेला, लगेच २०३१ पर्यंत मुदतवाढ झाली, आणि त्या मुदतवाढीच्या सहीनेच दोन वर्षांनंतरची ७ कोटी ६० लाखांची रक्कम तयार झाली.

या रकमेत एका छोट्या कलमाने केवढा फरक पडतो, ते बघा. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन यांना १२ ऑक्टोबर २०२५ रोजी काढलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचा संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत खेळला होता आणि हंगाम सुरू होताना देशात दुसऱ्या क्रमांकावर धरला गेला होता. मग तीन सलग पराभव झाले आणि बारा वर्षांत १०४ विजय मिळवणारा माणूस रविवारी घरी गेला. देणं होतं सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर. पण करारात अट होती, की नवी नोकरी शोधायची आणि तिथला पगार या रकमेतून वळता करायचा. फ्रँकलिन पाच-सहा आठवड्यांत व्हर्जिनिया टेकला रुजू झाले आणि पेन स्टेटचं ओझं ९० लाख डॉलरच्या आसपास आलं. फिशर यांच्या करारात हे एक वाक्य नव्हतं.

वळतं करण्याच्या या कलमाचा दुसराही परिणाम होतो. टेनेसीने २०१७ मध्ये काढलेले बुच जोन्स ८२ लाख डॉलरचे धनी होते. ते अलाबामात सेबन यांच्या हाताखाली विश्लेषक म्हणून लागले. पगार वर्षाला ३५ हजार डॉलर. जास्त पगार घेतला असता तर टेनेसीचेच पैसे वाचले असते. सेबन यांच्याकडे अशा पडलेल्या कोचांची रीघ असे. लेन किफिन यांना २०१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने हरलेल्या सामन्यावरून परतताच, पहाटे, विमानतळावरच काढलं होतं. स्टीव्ह सार्किशियन यांची त्याच विद्यापीठातली नोकरी दारूच्या व्यसनाच्या काळात, रजेवर पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. दोघांनाही अलाबामाने काम दिलं, दोघेही पुढे पुन्हा मोठ्या विद्यापीठांचे मुख्य कोच झाले. पडलेल्या माणसाला शांतपणे काम करायला एक खोली आणि एक टेबल देणं, ही या धंद्यातली दुर्मीळ मदत आहे, आणि ती त्यांना नियमांनी दिलेली नाही, एका सहकाऱ्याने दिलेली आहे.

कराराची हमी कितीही मोठी असली तरी तिच्या आत एक खिडकी असते. गैरवर्तनाच्या कारणावरून काढलं तर काही द्यावं लागत नाही. मिशिगन स्टेटचे मेल टकर यांना २०२१ मध्ये दहा वर्षांचे साडेनऊ कोटी मिळाले होते; लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर २०२३ मध्ये त्यांना असंच, उरलेले पैसे न देता, काढण्यात आलं. पण ही खिडकी नेहमी एवढी सरळ नसते. वर ज्यांच्या मृत्यूचा उल्लेख आला, त्या माइक लीच यांना टेक्सास टेकने ३० डिसेंबर २००९ रोजी काढलं. ३१ तारखेला त्यांना ८ लाख डॉलरचा बोनस मिळायचा होता. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूशी गैर वागल्याचा आरोप होता, तो लीच यांनी अखेरपर्यंत नाकारला. ते न्यायालयात गेले, पण सरकारी संस्थेवर राज्याच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही, या जुन्या तत्त्वापुढे त्यांचा पैशांचा दावा टिकला नाही. सही केलेला करार हातात असताना त्याची रक्कम मागायला दारच बंद, ही गोष्ट मला त्या रकमेपेक्षा जास्त खटकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हमीची रक्कम बाजूला ठेवून एखाद्या संस्थेने कोचला खरंच सांभाळलं, असं कधी झालं आहे का?

झालं आहे, आणि त्यासाठी व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या ब्लॅक्सबर्ग गावी जायला हवं. फ्रँक बीमर हे तिथल्याच परिसरातले, व्हर्जिनिया टेककडून खेळलेले. १९८७ च्या हंगामापासून ते मुख्य कोच झाले तेव्हा आधीच्या व्यवस्थापनाच्या चुकांमुळे विद्यापीठावर एनसीएएची कारवाई झालेली होती आणि शिष्यवृत्त्यांची संख्या घटवलेली होती. म्हणजे इतरांपेक्षा कमी खेळाडू घेऊन लढायचं. पहिल्या वर्षी दोन विजय, नऊ पराभव. सहाव्या वर्षी, १९९२ मध्ये, पुन्हा दोनच विजय, आठ पराभव आणि एक बरोबरी. सहा वर्षांची एकूण गोळाबेरीज २४ विजय, ४० पराभव. आजच्या काळात असा कोच चौथं वर्षही पाहत नाही.

तेव्हाचे क्रीडासंचालक डेव्ह ब्रेन यांनी त्या हंगामाकडे निकालाच्या पलीकडे जाऊन पाहिलं. त्यातले बरेच सामने अगदी शेवटच्या टप्प्यात निसटले होते. खेळाडू कोचवर चिडलेले नव्हते. शिष्यवृत्त्यांची टंचाई संपत आली होती. ब्रेन यांनी बीमर यांना ठेवलं. दुसऱ्याच वर्षी संघाने नऊ सामने जिंकले आणि हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याचं, ज्याला तिकडे बोल म्हणतात त्याचं, निमंत्रण मिळवलं. तिथून बीमर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, सलग तेवीस वर्षं ते निमंत्रण चुकलं नाही. १९९९ च्या हंगामात मायकेल व्हिक या तरुण खेळाडूला घेऊन संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. २००० साली नॉर्थ कॅरोलिनाच्या बोलावण्याला जवळजवळ होकार देऊन बीमर परत फिरले. ज्या विद्यापीठाने वाईट दिवसांत आपल्याला ठेवलं, ते सोडवत नाही, याला कुठल्याही करारातलं कलम लागत नाही.

ब्रेन यांच्या निर्णयाला भाबडा म्हणू नये. त्यांनी कारण शोधलं, मगच थांबायचं ठरवलं. कोचला सांभाळणं म्हणजे डोळे मिटून वाट पाहणं नव्हे. हरण्याची कारणं कोचच्या हातातली किती आणि बाहेरची किती, हे ओळखू शकणारा माणूस वरच्या खुर्चीत असणं. क्लेम्सनमध्ये २०१० साली डॅबो स्विनी यांचा संघ सहा जिंकून सात हरला, तेव्हा तिथले क्रीडासंचालक टेरी डॉन फिलिप्स यांनी हीच नजर दाखवली. पुढच्या आठ वर्षांत क्लेम्सनने दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

दोन शेजाऱ्यांची तुलना यापेक्षाही बोलकी आहे. आयोवा आणि नेब्रास्का ही लागून असलेली राज्यं. मध्ये मिझुरी नदी. दोन्हीकडे मका, दोन्हीकडे थंडी, दोन्हीकडे राज्याचा मोठा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे सगळा जीव विद्यापीठाच्या फुटबॉलवर. नेब्रास्काचा दबदबा मोठा होता. टॉम ऑस्बर्न यांनी १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं कोच राहून एकाही वर्षी नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, शेवटच्या चार वर्षांत तीन विजेतेपदं मिळवली. त्यांच्या जागी त्यांचेच जुने साहाय्यक फ्रँक सोलिक आले. सोलिक यांनी २००१ च्या हंगामात संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेला. पुढचं वर्ष कमजोर गेलं. २००३ मध्ये नऊ जिंकून तीन हरल्यावर त्यांना काढलं. त्या विद्यापीठाच्या मापाने नऊ विजय पुरेसे वाटले नाहीत.

त्यानंतर नेब्रास्काने बिल कॅलहन आणले. २००४ मध्ये संघ ३५ वर्षांत पहिल्यांदा बोल सामन्याला मुकला. मग बो पेलिनी. त्यांनी सातही वर्षं किमान नऊ सामने जिंकले, त्यांनाही २०१४ मध्ये काढलं. मग माइक रायली. मग १९९७ च्या विजेत्या संघाचा घरचाच खेळाडू स्कॉट फ्रॉस्ट. फ्रॉस्ट यांना सप्टेंबर २०२२ मध्ये काढलं, तेव्हा तीन आठवडे थांबले असते तर द्यायची दीड कोटी डॉलरची रक्कम निम्मी झाली असती. तेवढाही धीर निघाला नाही. आपल्या गटाचं विजेतेपद नेब्रास्काने १९९९ नंतर पाहिलेलं नाही.

नदीच्या पलीकडे आयोवात १९७९ पासून आजवर दोनच मुख्य कोच झाले. हेडन फ्राय वीस वर्षं, आणि १९९९ पासून कर्क फेरेन्झ. फेरेन्झ यांचं पहिलं वर्ष एक विजय, दहा पराभव. दुसरं तीन विजय, नऊ पराभव. त्यांना राहू दिलं. चौथ्या वर्षी संघ गटात अजिंक्य राहिला, आणि २०२५ मध्ये फेरेन्झ त्यांच्या गटाच्या इतिहासातले सर्वाधिक विजय मिळवणारे कोच झाले. आणि सोलिक? ते ओहायो विद्यापीठ या लहान संस्थेत गेले, सोळा हंगाम राहिले, त्या गटात विजयांचा विक्रम केला. मैदानाला आज त्यांचं नाव आहे.

दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे मान्य. म्हणून एका अभ्यासाचा दाखला देतो. स्कॉट ॲडलर, मायकेल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी या राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० या काळातल्या कोचबदलांची तपासणी केली. कोच बदललेला संघ आणि तेवढाच वाईट खेळूनही कोच न बदललेला संघ, अशा जोड्या लावल्या. फार वाईट संघांना बदलाने विशेष काही मिळालं नाही. मध्यम संघ मात्र कोच बदलल्यावर आणखी घसरले. ज्या निर्णयावर कोट्यवधी डॉलर उधळले जातात, त्याचा सरासरी परतावा हा असा आहे.

संयमालाही मर्यादा असते, हे इथेच सांगायला हवं. फेरेन्झ यांचा मुलगाच आक्रमणाचा प्रशिक्षक होता आणि संघ गुणफलक हलवत नसतानाही वर्षानुवर्षं टिकला. शेवटी २०२३ मध्ये सामन्याला सरासरी २५ गुण करून दाखव, अशी अट त्याच्या करारात घालावी लागली, आणि त्याच हंगामात क्रीडासंचालकांनी त्याला निरोप दिला. पेन स्टेटची गोष्ट तर फार काळी आहे. जो पॅटर्नो १९६६ पासून तिथे मुख्य कोच होते. त्यांच्या माजी साहाय्यकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं २०११ मध्ये उघड झाली तेव्हा पंचेचाळीस वर्षं त्या खुर्चीवर असलेला तो कोच आणि विद्यापीठाचे अध्यक्ष दोघांनाही जावं लागलं. कोच संस्थेपेक्षा मोठा होऊ दिला की त्याच्या अवतीभवतीचं कोणी विचारेनासं होतं. त्याची किंमत तिथे मुलांनी मोजली. ब्रेन यांचा पाठिंबा आणि ही मोकळीक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणि संयम सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो असंही नाही. टायरोन विलिंगहॅम हे नोत्र दाम विद्यापीठाच्या कुठल्याही खेळाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. तीन हंगामांत २१ विजय, १५ पराभव. सहा वर्षांच्या करारातली तीन वर्षं शिल्लक असताना, २००४ मध्ये त्यांना काढलं. नंतरचे चार्ली वाइस यांना पहिल्याच हंगामाच्या मध्यावर दहा वर्षांचा नवा करार मिळाला. पाच वर्षांत ३५ विजय, २७ पराभव, म्हणजे विलिंगहॅम यांच्यापेक्षा सरस काहीच नाही. वाइस यांना २००९ मध्ये काढल्यावर विद्यापीठ त्यांना २०१५ पर्यंत पैसे देत होतं. एकूण सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर. हे दोन हिशेब शेजारी ठेवले की आणखी भाष्य करावंसं वाटत नाही.

हे सगळं झालं मुख्य कोचांबद्दल. एका संघात त्यांच्या हाताखाली दहा-अकरा साहाय्यक कोच, शिवाय विश्लेषक, भरतीचं काम पाहणारे, व्हिडिओ कापणारे, व्यायाम घेणारे, आणि पदव्युत्तर शिक्षण घेता घेता राबणारे तरुण मदतनीस, अशी मोठी फौज असते. आक्रमणाचे आणि बचावाचे प्रमुख सोडले तर यांचे करार साधारण एक-दोन वर्षांचे. मुख्य कोच गेला की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो आणि जुनी फौज एका बैठकीत मोकळी होते. बीमर वाचले, त्या १९९२ च्या हिवाळ्यातसुद्धा ब्रेन यांच्या अटीत साहाय्यकांमधला फेरबदल होता. काही जणांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हाच मुख्य कोचची टिकली. ती नावं कुणाच्या लक्षात नाहीत.

अलीकडे हे चक्र आणखी घट्ट झालं आहे. शाळेतल्या खेळाडूंनी विद्यापीठाशी सह्या करायची पहिली मुदत २०१७ पासून डिसेंबरात आली, त्यामुळे नवा कोच डिसेंबरआधी हवा, त्यामुळे जुना ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीक मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ लागली. यात खेळाडूंवर झालेला जुना अन्याय दूर होतोय, ते योग्यच आहे. पण एका हिवाळ्यात अर्धा संघ विकत आणता येत असेल, तर बीमर यांना दिलेली सहा वर्षं आज कोणत्या संचालकाला परवडतील? तो संचालक स्वतःच किती टिकेल? २०२५ च्या ऑक्टोबरात लुइझियाना स्टेटने ब्रायन केली यांना काढलं, पाच कोटींहून अधिक डॉलरचं देणं अंगावर घेतलं, राज्यपालांनी त्यावर जाहीर राग काढला, आणि त्याच आठवड्यात क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड यांनाही पद सोडावं लागलं. फिशर यांना टेक्सासमध्ये आणणारे तेव्हाचे संचालक हेच.

दर जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. व्यासपीठावर विजेत्या कोचांची व्याख्यानं असतात. खाली हॉटेलच्या लॉबीत वेगळीच गर्दी असते. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी काम गेलेले साहाय्यक कोच, हातात आपल्या माहितीची पानं, ओळखीचा चेहरा दिसला की हात पुढे. त्यांतल्या पुष्कळांची मुलं वर्षाच्या मध्यावर शाळेत आहेत, घर भाड्याने द्यायचं की विकायचं हे ठरलेलं नाही, आणि कुठल्या राज्यात जायचं आहे तेही माहीत नाही. व्याख्यान संपलं, की दरवाजे उघडतात आणि नव्या नोकरीवर लागलेले मुख्य कोच लॉबीतून जाऊ लागतात. लॉबीतले सगळे उठून उभे राहतात.